इंदूरचा गाळ कुठे जातो?

इंदूरच्या दक्षिणेला, महूच्या आसपास, विंध्याचा माथा आहे आणि तिथे पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उतार उत्तरेकडे असेल तर पाणी कान्ह, शिप्रा, गंभीर अशा नद्यांतून चंबळला, पुढे यमुनेला, गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. उतार दक्षिणेकडे असेल तर चोरलसारखी छोटी नदी कडा उतरून ते बडवाहजवळ नर्मदेत नेते आणि तिथून ते खंभातच्या आखातात जातं. पाण्याचा हा प्रवास शाळेतल्या भूगोलात असतो. पाण्याबरोबर जाणाऱ्या मातीचा विचार मात्र ती डोळ्यांवर येईपर्यंत कुणी करत नाही. उत्तरेच्या बाजूला तक्रार अशी की तलाव आणि नदीपात्रं भरत चालली आहेत. उन्हाळ्यात पोकलेन उतरतात, पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात आणि काही वर्षांनी पुन्हा तेच. दक्षिणेच्या बाजूला तक्रार नेमकी उलटी आहे: नर्मदेतली वाळू संपत चालली आहे. या दोन्ही गोष्टी ‘गाळ’ म्हणून एकाच खात्यात मांडल्या जातात आणि नद्यांच्या बहुतेक योजना तिथेच फसतात, असं माझं म्हणणं आहे. बारीक चिकणमाती आणि भरड वाळू यांचा उगम वेगळा, चाल वेगळी, मुक्काम वेगळे. एकीला शेतातच अडवायला हवं, दुसरीला नदीत वाहू द्यायला हवं. आपण करतो ते याच्या उलट: माती शेतातून सुटू देतो आणि वाळू नदीतून उचलतो.

वेगळेपणाचं मूळ कणाच्या आकारात आहे. स्थिर पाण्यात ०.२ मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला मिनिटभरही घेत नाही. दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाएवढा, चिकणमातीचा कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवस घेतो. तेही पाणी मुळीच हललं नाही तर. म्हणून वाळू तळालगत घरंगळत, उड्या मारत, पुरातच काय ती पुढे सरकते आणि पूर ओसरला की वळणाच्या आतल्या अंगाला थांबते. चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की पाणी जाईल तिथपर्यंत जाते. यात एक गंमत आहे. फिलिप युल्स्ट्रोम या स्वीडिश भूगोलज्ञाने १९३५ मध्ये प्रवाहाचा वेग आणि कणाचा आकार यांचा जो आलेख मांडला, त्यात दिसतं की जागेवरून उचलायला सगळ्यांत सोपी बारीक वाळू असते. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे त्यांना सोडवायला उलट जास्त जोर लागतो. पण एकदा सुटले की जवळजवळ थांबलेल्या पाण्यातही ते तरंगत राहतात. चिकणमाती अडवण्याची खरी संधी त्यामुळे ती सुटण्याआधीची, म्हणजे शेतातली. नदीत पोचलेल्या चिकणमातीला बंधारा, जाळी, भिंत यांपैकी काहीही फारसं रोखू शकत नाही. तिला रोखतो तो मोठा, निवांत जलाशय, आणि तो स्वतः भरत जातो.

माळव्यात या चिकणमातीचा पुरवठा अमाप आहे. पठार दख्खनच्या काळ्या पाषाणाचं, बेसाल्टचं. या खडकात गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण जवळपास नसतातच, त्यामुळे तो झिजला की पांढरी वाळू तयार होत नाही. तयार होते ती फुगणारी आणि आकसणारी काळी चिकणमाती. महाराष्ट्रातल्या कापसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना ही माती नव्याने सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्या भेगांतून थेट खोल उतरतात. जुलैत माती फुगून भेगा मिटतात आणि मग तीच जमीन पाणी आत घ्यायचं जवळजवळ बंद करते. इंदूरला वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा हिस्सा या मिटलेल्या जमिनीवर. थेंब ढेकळं फोडतात, सुटलेले कण पाण्याबरोबर सरीतून नाल्यात, नाल्यातून ओढ्यात. इंदूरच्या इमारतींना लागणारी नैसर्गिक वाळू मात्र या पठारावर बनतच नाही. ती नर्मदेच्या खोऱ्यातून येते. पचमढीकडच्या सातपुड्यातले वालुकाश्म झिजून तवासारख्या नद्यांनी ती नर्मदेत आणून टाकलेली असते. शहराच्या एका बाजूची भूगर्भरचना नको तेवढी माती देते आणि दुसऱ्या बाजूची हवी ती वाळू, पण वाळूची पैदास भूगर्भाच्या गतीने होते, बांधकामाच्या नव्हे.

आधी मातीचं बघू. भारतातल्या जमिनीची धूप किती, याचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला: दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन. ऐकायला प्रचंड वाटतं, पण हेक्टरभर पसरलेला एक मिलिमीटरचा थर म्हणजेच बारा-तेरा टन माती. एका पावसाळ्यात शेताची उंची सव्वा मिलिमीटरने कमी झाली तर ती कुणाला दिसणार? त्याच अंदाजातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुटलेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत बसते आणि तब्बल ६१ टक्के नुसती जागा बदलते: एका शेतातून दुसऱ्यात, बांधापाशी, ओघळीत, पुराच्या सपाटीवर. म्हणजे धूप आज थांबवली तरी वाटेत साठलेली ही माती पुढची कित्येक वर्षं थोडी थोडी खाली येत राहणार. पाणलोटाची कामं झाल्यावर तीनच वर्षांत ‘नदीचं पाणी तर गढूळच आहे’ असं म्हणून ती निकालात काढणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

आता नेहमीचा आक्षेप: एवढं कशाला, तलाव साफ करा म्हणजे झालं. होळकरांच्या काळात, १९३० च्या दशकात, गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर आजही इंदूरच्या काही भागाला पाणी देतो. २०२२ मध्ये त्याला आणि शहराच्या पश्चिमेच्या सिरपूर तलावाला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. असा तलाव उपसून राखायचा म्हणजे काय, याचा हिशेब करून बघावा. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून राष्ट्रीय सरासरीइतकी धूप झाली तर वर्षाला १,६४,००० टन माती सुटते. तिच्यातला फक्त पाव हिस्सा तलावात पोचला तरी ४१,००० टन, म्हणजे पंधरा टनी डंपरच्या पावणेतीन हजार खेपा. दर वर्षी. हा हिशेब ढोबळ आहे, यशवंत सागराचं मोजमाप नव्हे. पण उपसा हा उपाय का पुरत नाही ते यातून कळावं. उपसा करूच नये असं नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली हजारो शेतकऱ्यांनी धरणातली माती आपल्या शेतांत पसरली आणि उथळ, मुरमाड जमिनीला तिचा उपयोग होतो हे खरं आहे. मात्र ज्या शेतातून माती निघाली ते शेत तसंच उघडं राहिलं, तर आपण माती फक्त फिरवत राहतो, तीही डिझेल जाळून.

माती शेतात धरून ठेवायची कशी, याचं एक उत्तर इंदूरनेच जगाला दिलं आहे, आणि इंदूरच्या मराठी माणसांनाही ते फारसं आठवत नाही. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक झाले. १९३१ मध्ये त्यांनी आणि संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड यांनी मिळून शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्यावर पुस्तक लिहिलं. ‘इंदूर पद्धत’ म्हणून कंपोस्ट जगभर गेलं ते तिथून. कपाशीच्या पऱ्हाट्या कुजता कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घ्यायच्या. मग शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी उलथापालथ, तीन महिन्यांत खत तयार. हे पुस्तक पिकासाठी वाचलं गेलं. नदीसाठी वाचायला हवं होतं. सेंद्रिय अंश असलेली माती कणाकणांची घट्ट दाणेदार ढेपळी करते, ती पावसाच्या थेंबाने चटकन फुटत नाही आणि तिच्यातून पाणी आत झिरपतं. चिकणमाती सुटण्याआधी धरायची म्हणजे हेच. याच्या जोडीला जमिनीची घडण. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं म्हणून माळव्यातले शेतकरी पूर्वी खरीप सोडून देत आणि जमीन ऐन पावसात उघडी पडत असे; १९७० नंतर सोयाबीन आलं तसं निदान तिच्यावर पानांचं छप्पर आलं. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत १९७६ पासून चाललेल्या प्रयोगात रुंद वरंबा-सरी, गवताचे पाट आणि पावसाळ्यातलं पीक अशी व्यवस्था असलेल्या काळ्या जमिनीतून वाहून जाणारी माती पारंपरिक पडीक पद्धतीच्या साधारण चौथाईवर आली. यात सिमेंटचा एक कण नाही.

शेतकरी यावर विचारतो, आणि रास्त विचारतो: बांधाला गवत, ओघळीला झुडपं, कोपऱ्यात तळं, या सगळ्यात माझी जमीन जाते, फायदा शहराच्या तलावाला, तर मी का सोसू? याचं अर्धं उत्तर इंदूरच्या शेजारी आहे. देवास जिल्ह्यात २००६ पासून, उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना, शेतकऱ्यांना जमिनीचा साधारण दहावा हिस्सा शेततळ्याला द्यायला सांगितलं गेलं आणि बघता बघता हजारो तळी खोदली गेली. कारण साधं होतं: तळ्यातल्या पाण्यावर गहू-हरभरा पिकला आणि सोडलेल्या जमिनीची भरपाई झाली. नद्यांच्या दृष्टीने बघितलं तर असं प्रत्येक तळं वरून आलेली माती बांधाआडच अडवतं, आणि तो गाळ शेतकरी पुन्हा आपल्याच शेतात घालू शकतो. पण जिथे असा थेट लाभ नाही, नदीकाठच्या पट्ट्यात नांगर न घालणं वगैरे, तिथे पैसे शहरानेच मोजायला हवेत. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार करून गाळणप्रकल्पाऐवजी वरच्या पाणलोटावर खर्च करायचं ठरवलं ते पुण्य म्हणून नव्हे, स्वस्त पडतं म्हणून. इंदूर १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटर दूर आणि कित्येकशे मीटर वर चढवून आणतं. त्या विजेच्या बिलाशेजारी गंभीरच्या पाणलोटातल्या गवताच्या पट्ट्यांचा खर्च मांडून तरी बघावा.

शहराच्या आत प्रश्न थोडा वेगळा आहे. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. कान्ह आणि सरस्वती या नद्यांत थेट पडणारी सांडपाण्याची हजारो तोंडं बंद केली गेली आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहणं सुसह्य झालं. हे काम मोठं आहे. पण सांडपाणी बंद होणं आणि गाळ बंद होणं या दोन गोष्टी आहेत. वाढत्या शहराभोवती भूखंडांसाठी मोकळी केलेली जमीन शेतापेक्षाही जास्त उघडी असते, आणि तिच्यावर कुणाची नजर नसते. मग नदी भरते आणि काठ ढासळू लागला की उपाय ठरलेला: दोन्ही बाजूंना भिंत. भिंत त्या जागी काठ धरते यात शंका नाही. वस्ती अगदी काठावर असेल तर दुसरा पर्यायही उरत नाही. पण नदी एका तोलावर चालते, जो अमेरिकी अभियंता एमरी लेन यांनी १९५५ मध्ये मांडला: एका बाजूला गाळ आणि त्याच्या कणांचा आकार, दुसऱ्या बाजूला पाणी आणि उतार. पात्र अरुंद, सरळ, गुळगुळीत केलं की प्रवाहाचा जोर वाढतो. तो भिंतीचा पाया कोरतो, आणि भिंत संपते तिथे खालच्या गावाच्या मातीच्या काठावर जाऊन आदळतो. उज्जैनकडे जाताना कान्हेचा काठ का खचतो, याचं उत्तर काही वेळा इंदूरच्या सुशोभित काठात सापडेल. आणि शहराखालच्या पात्रातला गाळ शेतात टाकण्याचा मोह होत असेल तर आधी प्रयोगशाळेत पाठवावा. चिकणमातीच्या कणांना धातू चिकटून बसतात, आणि शहरी नाल्यात धातूंची कमतरता नसते.

दक्षिणेला नर्मदा. इथे माणसाने वाळूची वाट दोन ठिकाणी अडवली. पहिली धरणांनी: बर्गी, तवा, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि शेवटी सरदार सरोवर, ज्याची उंची २०१७ मध्ये १३८.६८ मीटरवर पूर्ण झाली. सरदार सरोवराच्या खालच्या गरुडेश्वर केंद्रावरच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहणाऱ्या संशोधकांनी नर्मदेने समुद्राकडे नेलेला गाळ नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचं दाखवलं आहे. कुणी म्हणेल, बरंच झालं, पाणी स्वच्छ मिळतं. त्यात तथ्य आहे. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरमध्ये माती बसते याचा फायदा जलूदच्या शुद्धीकरणाला होतोच. गाळ टाकून हलकं झालेलं पाणी मात्र गप्प बसत नाही. वाळू वाहण्यात खर्च होणारी ताकद त्याच्याकडे शिल्लक असते आणि ते ती पात्रावर आणि काठावर काढतं. महेश्वरजवळ सहस्रधारेला पात्र थेट काळ्या खडकाचं आहे, तिथे तळ खोदायला वाव नाही. गाळाचे मऊ काठ जिथे आहेत तिथे ते झिजतात. भरूचच्या पुढे मुखाशी नवी वाळू-माती पोचत नाही तेव्हा भरतीचं खारं पाणी आत सरकतं. नाईलवर आस्वान धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर रोझेटाचा किनारा समुद्राने कसा खाल्ला, ते जगाने पाहिलं आहे. आणि माशांचं काय? मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केलेला महाशीर वाहत्या पाण्यातल्या स्वच्छ गोट्या-खडीत अंडी घालतो. खडी गेली तर त्याला जागा नाही, आणि खडीवर चिकणमातीचा थर बसला तर अंड्यांना हवा नाही. वाळू आणि माती वेगळ्या मोजायला हव्यात याचा याहून ठोस पुरावा मला सुचत नाही.

दुसरी अडवणूक उपशाची. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने नर्मदेतल्या वाळू-उपशावर बंदी जाहीर करून आयआयटी खरगपूरच्या तज्ज्ञांची समिती नेमली; पुढे उपसा परवान्यांसह पुन्हा सुरू झाला. वाळूवाल्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: दर पावसाळ्यात नदी खड्डे भरून देते, मग नुकसान कसलं? धरणं नव्हती तेव्हा यात अर्धं सत्य होतं. आज खड्डा भरतो तो वरून आलेल्या नव्या वाळूने की शेजारचा काठ आणि वरच्या अंगाचा तळ ढासळून, हे मोजल्याशिवाय कळत नाही. पुलांचे खांब उघडे पडू लागतात तेव्हा उत्तर मिळतं, पण उशिरा. बांधकामं बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही. माळव्याच्या त्याच काळ्या खडकापासून यंत्रात केलेली कृत्रिम वाळू काँक्रीटला चालते, आणि महानगरपालिकेने स्वतःच्या कामांत ती सक्तीची केली तरी नदीवरचा बोजा लक्षणीय कमी होईल. मोठ्या जलाशयांच्या शेपटीशी, जिथे नदी संथ होऊन वाळू टाकते, तिथला उपसा उलट धरणाला फायद्याचा. कुठे उचलायची आणि कुठे नाही, हे ठरवायला पुन्हा तोच हिशेब लागतो.

हा हिशेब करण्याची रीत आपल्याकडे आहे. केंद्रीय जल आयोगाच्या मंडलेश्वर, गरुडेश्वर अशा केंद्रांवर पुरातही माणूस नदीत बाटली सोडतो. खोलीच्या सहा-दशांशावरचं पाणी भरून घेतो, ते गाळतो, चाळतो, वाळवतो, तोलतो. ०.२ मिलिमीटरहून मोठे कण भरड, ०.०७५ ते ०.२ मध्यम, त्याखालचे बारीक, अशा तीन रकान्यांत नोंद होते. म्हणजे मी ज्या भेदासाठी भांडतो आहे तो त्या वहीत आधीच आहे, योजनांच्या कागदांत नाही. वहीत उणीव एकच: तळाशी घरंगळणारी वाळू बाटलीत येत नाही, ती पात्राच्या आडव्या छेदांची दर वर्षी मापं घेऊन काढावी लागते. २०२२ मध्ये जलशक्ती मंत्रालयाने गाळ-व्यवस्थापनाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला, त्यामुळे कागदावर दिशा तरी आली आहे. उज्जैनला २०२८ च्या सिंहस्थासाठी शिप्रेचं पावसाळी पाणी सेवरखेडीहून सिलारखेडीच्या जलाशयात चढवून साठवायचं आणि कोरड्या दिवसांत परत सोडायचं ठरलं आहे. म्हणजे वर्षातलं सगळ्यांत गढूळ पाणी मुद्दाम निवडून एका जलाशयात भरलं जाणार. पुराच्या पहिल्या चढत्या लाटेत गाळाचं प्रमाण बहुधा सर्वाधिक असतं आणि उतरत्या लाटेत कमी, म्हणून पंप केव्हा सुरू करायचे एवढ्यावर त्या जलाशयाचं आयुष्य काही वर्षांनी कमी-जास्त होऊ शकतं. त्यासाठी शिप्रा, कान्ह आणि गंभीरवरच्या एकेका पुलावरून जून ते सप्टेंबर रोज बाटली सोडणारा माणूस हवा, आणि एक तराजू.